पिपचं अपील आणि फोनमधले साठ फोटो

प्रश्न : ताई, नमस्कार. मी लेस्टरला राहते, वय ४९. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. पिपचा, म्हणजे अपंगत्व किंवा दीर्घ आजार असणाऱ्यांना ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा, निर्णय ३ मार्चला आला. रोजच्या कामांसाठी चारच गुण मिळाले : स्वयंपाकात उपकरण लागतं म्हणून दोन आणि बटणं लावायला हुक लागतो म्हणून दोन. माझी तपासणी करणाऱ्या असेसरच्या अहवालात लिहिलंय की फोन हातात धरून बराच वेळ बोलल्या, त्याअर्थी पकड ठीक आहे, आणि आंघोळ स्वतःची स्वतः करतात. फोन तर टेबलावर स्टँडला लावून स्पीकरवर होता! मॅन्डेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागितलं, तरी काही बदललं नाही. आता ट्रिब्युनलकडे, म्हणजे न्यायाधिकरणाकडे, अपील केलंय. मुलीनं साठेक फोटो काढून ठेवलेत : सुजलेली बोटं, बाथरूम, स्वयंपाकघर, गोळ्यांचा डबा. मिस्टर म्हणतात, घरातलं असं चव्हाट्यावर मांडू नये. ट्रिब्युनल फोटो बघतं का? सगळे पाठवू का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : बघतं. ट्रिब्युनलच्या २००८च्या नियमांनुसार, दिवाणी कोर्टात चालला नसता असा पुरावासुद्धा त्यांना विचारात घेता येतो. त्यामुळे घरी फोनवर काढलेला फोटो, शेजारणीचं पत्र, वहीतल्या नोंदी, यातलं काहीही आधीच बाद होत नाही. त्याला किती वजन द्यायचं ते पॅनल ठरवतं. तुमच्यासमोर तिघं असतील : एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाची जाण असलेली एक व्यक्ती. डॉक्टर असले तरी ते तुमचे हात तपासणार नाहीत. सुनावणीत शारीरिक तपासणी करायची नाही, असा कायदा आहे. म्हणून हातांचा चांगला फोटो त्यांच्या उपयोगाचा असतो.

पण साठ पाठवू नका. सात-आठ पुरेत.

फोटो निवडायला फोन घेऊन बसू नका, आधी डीडब्ल्यूपीकडून, म्हणजे पिप देणाऱ्या सरकारी खात्याकडून, आलेलं बंडल (केसच्या कागदांचा गठ्ठा) घेऊन बसा. त्यात असेसरचा अहवाल आहे. पेन्सिल घ्या आणि जे वाक्य वाचून ‘हे असं नाहीये’ असं तुमच्या तोंडून निघेल, त्याच्याखाली रेघ मारा. फोटो त्या वाक्याला उत्तर म्हणून लावायचा. ज्या फोटोनं एकाही रेघेला उत्तर मिळत नाही, तो गाळा. गोळ्यांच्या डब्याचा फोटो म्हणूनच नको. तुम्ही कोणती औषधं घेता याबद्दल वाद नाही, आणि ती यादी जीपीच्या (नेहमीच्या डॉक्टरांच्या) कागदावर आहेच.

तुमच्या पत्रातली पहिली रेघ फोनची. टेबल, स्टँड, त्यावर फोन, एवढाच फोटो काढा. स्टँड निर्णयाच्या आधी घेतला असेल तर त्याची पावती किंवा ऑर्डरचा ईमेल जोडा. अहवालातला ‘पकड ठीक’ हा निष्कर्ष ज्या आधारावर उभा आहे, तोच त्यानं हलतो. अशा एका साध्या फोटोपुढे सुजलेल्या बोटांचे वीस फोटो फिके आहेत.

आता गुणांचा हिशेब करू, कारण फोटो कुठे खर्च करायचे ते त्यावर ठरतं. डेली लिव्हिंगचा, म्हणजे पिपमधल्या रोजच्या कामांच्या भागाचा, स्टँडर्ड दर मिळायला आठ गुण लागतात. २०२५-२६ या वर्षात तो आठवड्याला ७३.९० पौंड होता. तुम्हाला चार मिळालेत. आंघोळीच्या टबात शिरताना किंवा बाहेर येताना दुसऱ्या माणसाची मदत लागत असेल तर तीन गुण आहेत. स्वयंपाकाला नुसतं उपकरण पुरत नसून माणूस लागत असेल तर दोनाच्या जागी चार. म्हणजे चार, तीन आणि कपड्यांचे दोन, असे नऊ झाले. तुमचं अपील या दोन जागांवर आहे, आंघोळ आणि स्वयंपाक. बाकीचं खरं असलं तरी त्यात पॅनलचा वेळ घालवू नका.

आंघोळीचं आधी. कायदा विचारतो तो साध्या, काही बदल न केलेल्या टबाबद्दल किंवा शॉवरबद्दल. बऱ्याच जणांनी घरात उंबरा नसलेला शॉवर करून घेतलेला असतो आणि त्यात स्टुलावर बसून ते एकट्यानं आंघोळ करतात. त्याचा चकचकीत फोटो काही न लिहिता पाठवला, तर बघणाऱ्याला वाटतं, जमतंय की यांना! तिथे ‘हा बदल अमुक साली, अमुक कारणानं करून घेतला’ हे फोटोखाली लिहायलाच हवं. तुमच्याकडे टबच आहे असं धरून सांगते. रिकाम्या टबाचा फोटो घ्या, कडेला मोजपट्टी उभी धरून, म्हणजे उंची आकड्यात दिसेल. मग दुसरा फोटो : तुम्ही पूर्ण कपड्यांत, एक पाय टबात, आणि मिस्टरांनी तुम्हाला जसं रोज धरतात तसं धरलेलं. हा फोटो मुद्दाम दाखवण्यासाठी काढलाय हे खाली उघड लिहा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. न सांगता तो ‘रोजचा’ म्हणून दिलात आणि न्यायाधीशांनी विचारलं, आंघोळीला कपडे घालून जाता का, तर बाकीच्या फोटोंवरचाही विश्वास उडेल.

तुमच्या मिस्टरांची अडचणही इथेच सुटेल असं वाटतं. त्यांचं म्हणणं मला पटतं. हे फोटो न्यायाधीश, डॉक्टर, तिसरे सदस्य, डीडब्ल्यूपीचे लोक आणि तुमच्या बाजूनं कुणी प्रतिनिधी असेल तर तो, एवढे सगळे बघणार. अंगावर कपडे नसलेला, बाथरूमच्या गरजेच्या वेळचा, रडतानाचा असा एकही फोटो लागत नाही. पॅनलला तुमची लाज बघायची नसते, काम कसं होतं ते बघायचं असतं. माझ्याकडे असे फोटो घेऊन माणसं आलेली आहेत आणि मी ते हलक्या हातानं परत दिले आहेत.

आता स्वयंपाक. इथे आपल्या घरांतून एक गफलत नेहमी होते. ‘मला पोळ्या लाटता येत नाहीत, कणीक मळता येत नाही, सणाचा स्वयंपाक सुटला,’ असं आपण लिहितो. ते सोसणं खरं आहे, पण कायदा पोळ्यांचं विचारत नाही. तो विचारतो : एका माणसापुरता, एका पदार्थाचा, ताज्या जिन्नसांचा साधा स्वयंपाक. तोही कमरेच्या उंचीवर किंवा त्याच्या वर, म्हणजे ओव्हनमधून वाकून काही काढणं त्यात धरत नाहीत. म्हणून लाटण्याचा आणि परातीचा फोटो बाजूला ठेवा. बटाटा सोलणं, कांदा-गाजर चिरणं, गॅसवरचं पातेलं उचलून पाणी ओतून टाकणं, यांतलं काय होत नाही ते दाखवा.

तुम्हाला उपकरणाचे दोन गुण मिळालेत, म्हणजे उपकरण दिलं की तुमचं भागतं असं डीडब्ल्यूपीचं म्हणणं आहे. अशा वेळी इलेक्ट्रिक चॉपर, रुंद मुठीची सुरी, बरणी उघडायचा रबर यांचे फोटो पाठवले तर आपण त्यांचंच म्हणणं शाबीत करतो. उपकरण का पुरत नाही ते लिहा. चॉपरचं झाकण दाबून फिरवावं लागतं आणि तेवढा जोर मनगटात नसतो, असं असेल तर फोटोपेक्षा हे वाक्य जास्त मोलाचं आहे. फ्रीझरमध्ये कापलेल्या भाज्यांच्या पिशव्या भरलेल्या असतील, मिस्टर कामावर जायच्या आधी भाजी चिरून डब्यात ठेवत असतील, तर तो फोटो घ्या. बाई ताजी भाजी स्वतः चिरत नाही, हे त्यातून कळतं.

एका सुनावणीला मी ज्या बाईंच्या बरोबर बसले होते, त्यांनी किटलीचा फोटो दिला होता. पारदर्शक किटली, आणि खालून चारेक बोटांवर निळ्या चिकटपट्टीची एक तिरकी रेघ. न्यायाधीशांनी फोटोवर बोट ठेवून विचारलं, ही रेघ कशाची? त्या म्हणाल्या, “एवढंच पाणी मला उचलता येतं. नवरा कामावर जाताना तिथपर्यंत भरून जातो.” मग प्रश्न सुरू झाले. जास्त भरली तर काय होतं, कधी सांडलं का, कोणत्या हातावर, डॉक्टरांकडे गेलात का, आठवड्यातून किती दिवस असं असतं. तोवर बाईंची उत्तरं हो-नाहीच्या पुढे जात नव्हती, त्या चिकटपट्टीवर मात्र त्या भरभरून बोलल्या. फोटोचा हा उपयोग मला सगळ्यात मोठा वाटतो. म्हणूनच सुनावणी नुसती कागदावर नको, समोरासमोर किंवा व्हिडिओवर हवी, असं अपिलात मागा. इंग्रजीत अडखळत असाल तर मराठी दुभाषीही मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. घरच्यांनी दुभाष्याचं काम करू नये. त्यांचं सांगणं साक्षीदार म्हणून जास्त कामाचं असतं.

बोटांच्या फोटोंचं काय करायचं? फोटोत सूज दिसते, सांधा वाकडा झालेला दिसतो, पण दुखणं दिसत नाही आणि ते किती दिवस असतं तेही दिसत नाही. पिपमध्ये निम्म्यापेक्षा जास्त दिवस काय होतं, याला महत्त्व आहे. एकच वाईट सकाळ दाखवली तर ‘हे कधीतरीच होत असेल’ असा अर्थ निघू शकतो. वाईट सकाळचा एक आणि नेहमीसारख्या दिवसाचा एक असे दोन फोटो द्या आणि बरोबर महिनाभराची वही द्या : उठल्यावर मूठ किती वेळात मिटली, आंघोळीला कुणी धरलं, जेवण कुणी केलं. सलग, बऱ्या दिवसांसकट. वहीत रोज ‘फार त्रास’ एवढंच लिहिलेलं असेल तर ती कुणी मनावर घेत नाही. शिवाय काम एकदा जमलं म्हणजे जमलं, असं कायदा मानत नाही. ते सुरक्षितपणे, नीट, लागेल तितक्या वेळा आणि धडधाकट माणसाला लागतो त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ न घेता जमायला हवं. फोटोखालच्या ओळी लिहिताना हे चार शब्द समोर ठेवा.

तारखेचा मुद्दा नीट वाचा, अपिलं तिथे अडतात. ट्रिब्युनल बघतं ते निर्णयाच्या दिवशीची तुमची स्थिती, म्हणजे ३ मार्चची. त्यानंतर नव्यानं जे घडलं ते १९९८च्या सोशल सिक्युरिटी ॲक्टप्रमाणे त्यांना धरता येत नाही. फोटो नंतर काढला तर चालतो, पण त्यात दिसणारी गोष्ट तेव्हाही तशीच होती हे तुम्ही दाखवायला हवं. एक नमुना देते, तुम्ही अर्थात इंग्रजीत लिहा :

‘फोटो ३. बाथरूममधला टब. मुलीनं १४ जूनला काढला. टब आणि भिंतीवरचा दांडा ३ मार्चच्या आधीपासून आहेत, दांडा बसवल्याची पावती पुढच्या पानावर. कडेवरून पाय टाकताना नवरा डाव्या काखेत हात घालून धरतो, प्रत्येक आंघोळीला. अहवालातल्या “आंघोळ स्वतः करतात” या वाक्याला हे उत्तर. ॲक्टिव्हिटी ४ (आंघोळ).’

कुणी काढला, कधी, काय दिसतंय, तेव्हाही तसंच होतं का, कोणत्या वाक्याला उत्तर. एवढं आलं की बस.

मार्चनंतर दुखणं खरोखरच वाढलं असेल तर ती वेगळी वाट आहे, डीडब्ल्यूपीला बदल कळवण्याची. पण त्यात सगळी केस पुन्हा उघडली जाऊ शकते, म्हणून आधी सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेत किंवा काउन्सिलच्या वेलफेअर राइट्सवाल्यांशी (भत्त्यांबद्दल सल्ला देणाऱ्यांशी) बोला.

पाठवायच्या बारीकसारीक गोष्टी : ए-फोर कागदावर दोन-दोन फोटो, प्रत्येक पानावर नाव, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पानाचा क्रमांक. स्कॅन करताना रंग उडतात, म्हणून ‘सांध्यांवर लाली’ हे शब्दांत लिहा. मूळ फोटो फोनमधून पुसू नका, त्यावर फिल्टर लावू नका. व्हॉट्सॲपवरून मुलीनं तुम्हाला पाठवलेल्या प्रतीत काढल्याची तारीख राहत नाही, त्यामुळे मूळ प्रत तिच्या फोनमध्येच जपून ठेवायला सांगा. आणि लवकर पाठवा. सुनावणीच्या दिवशी पिशवीतून काढून दिलेत तर ते वाचायला म्हणून तारीख पुढे जाऊ शकते.

प्रश्न : माझ्या पाठीचं ऑपरेशन झालेलं आहे. डीडब्ल्यूपीनं बंडलमध्ये माझा फेसबुकवरचा फोटो लावला आहे. भाचीच्या लग्नाला नाशिकला गेलो होतो, त्यात मी वरातीत उभा आहे, हसतोय. पोस्ट काढून टाकू का?
— एक वाचक, स्लाव

उत्तर : काढू नका. त्यांच्याकडे प्रत आहेच, आणि पुसलंत तर लपवल्यासारखं दिसेल.

त्या फोटोवर एक पानभर निवेदन लिहा. उभे किती वेळ होतात? कुणाच्या खांद्यावर हात होता, जो फोटोच्या चौकटीबाहेर राहिला? वरातीत चाललात की गाडीतून थेट कार्यालयाच्या दारात उतरलात? सकाळी कोणती वेदनाशामक गोळी घेतली? दुसऱ्या दिवशी काय झालं? विमानतळावर व्हीलचेअर घेतली असेल तर ते बुकिंग जोडा, हे बरेच जण विसरतात आणि तोच उत्तम पुरावा असतो. त्याच समारंभातले तुम्ही खुर्चीवर बसलेले, आडवे झालेले फोटो नातेवाइकांकडे असतील तर ते मागवा. बहीण किंवा मेव्हणे तिथे होते, त्यांचं सहीचं पत्र घ्या. चालण्याच्या ॲक्टिव्हिटीत किती मीटर हा प्रश्न असतो आणि तोही निम्म्याहून जास्त दिवसांचा. लग्नातल्या एका क्षणात मीटरही नाहीत आणि दिवसही नाहीत, हे पॅनलला माहीत असतं. पण त्या दिवशी तुम्ही काही अंतर खरंच चालला असाल तर तसंच सांगा, किती ते सांगा आणि नंतर काय भोगलं तेही सांगा. हसण्याबद्दल सफाई द्यायची गरज नाही. भाचीच्या लग्नात माणूस हसणारच.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे, तीव्र नैराश्य आहे. खोलीतून बाहेर येत नाही, आंघोळ टाळतो. पिप नाकारलं. त्याच्या खोलीचे आणि त्याचे फोटो काढून पाठवावेत का?
— एक आई, हॅरो

उत्तर : त्याचे फोटो त्याच्या परवानगीशिवाय काढू नका. १६ वर्षांपासून पिपचा अर्जदार तो स्वतः असतो, तुम्ही त्याच्या रीतसर नेमलेल्या अपॉइंटी (त्याच्या वतीनं भत्त्याचं काम बघणाऱ्या) नसाल तर अपीलही त्याचंच. झोपलेल्या मुलाचा चोरून काढलेला फोटो बंडलमध्ये त्याला स्वतःला दिसेल, आणि तुमच्या दोघांत जे काही शाबूत आहे तेही मोडेल.

या आजारात फोटोचा उपयोग मुळात कमी. पसारा कुठल्याही १९ वर्षांच्या मुलाच्या खोलीत असतो, असं कुणीही म्हणेल. तो तयार असेल तर न फोडलेल्या पत्रांचा गठ्ठा किंवा तुम्ही आरशावर लावलेली ‘दात घास, औषध घे’ अशी चिठ्ठी, एवढ्याचे फोटो चालतील, कारण त्यांतून दुसरं कुणीतरी आठवण करून देतं हे दिसतं. आंघोळीसाठी आठवण किंवा देखरेख लागते याला दोन गुण आहेत. खरा भार तुमच्या पत्रावर आहे. एक साधा मंगळवार लिहा, सकाळपासून रात्रीपर्यंत : किती वेळा दार वाजवलंत, काय उत्तर आलं, ताट परत कसं आलं. मानसोपचाराच्या टीमकडून, कॉलेजनं काही कळवलं असेल तर त्यांच्याकडूनही पत्र मागा, आणि ‘त्याला आठवण करून द्यावी लागते का, किती वेळा’ असं नेमकं विचारून मागा. नुसतं ‘अमुक आजार आहे’ हे पॅनलकडे आधीच आहे.

प्रश्न : आम्ही ग्लासगोला असतो. हे सगळं आम्हालाही लागू का?
— एक वाचक

उत्तर : फोटो आणि तारखांबद्दलची समज तीच ठेवा, पण कागद वेगळे आहेत. स्कॉटलंडमध्ये पिपच्या जागी ॲडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे, २९ ऑगस्ट २०२२ पासून सगळीकडे. तिथे आधी ४२ दिवसांत रिडिटरमिनेशन (फेरविचार) मागायचं, आणि त्यानंतरही पटलं नाही तर ३१ दिवसांत स्कॉटलंडच्या स्वतंत्र ट्रिब्युनलकडे अपील. निर्णयाच्या पत्रावरची तारीख आजच बघून घ्या.